वाचलेलं लक्षात राहत नाही, मजाही येत नाही: वाचन नेमकं कसं करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षाला ५० पुस्तकं वाचायची असं ठरवून प्रश्नकर्ते काही वर्षं वाचताहेत. आकडा गाठला जातो. पण महिन्यापूर्वी वाचलेल्या पुस्तकात काय होतं ते विचारलं तर दोन वाक्यांपलीकडे सांगता येत नाही. कादंबरी वाचताना ‘यातून मी काय घेतलं?’ हा विचार मध्येच डोकं वर काढतो आणि रस जातो. जगणं बदलावं म्हणून वाचलेल्या पुस्तकांनी जगण्यात काही बदल झालेला दिसत नाही. मग कसं वाचावं?

माझं आयुष्य ग्रंथालयात आणि वाचकांच्या गटांत गेलं आहे, आणि ही तक्रार मी सतत ऐकतो. तुम्ही तीन अडचणी सांगितल्या आहेत, पण माझ्या मते तिन्हींचं कारण एकच आहे. तुम्ही सगळी पुस्तकं एकाच रीतीने वाचताय. पहिलं पान उघडायचं, एका चालीने पुढे जायचं, शेवटचं पान उलटायचं, यादीत नोंद करायची. आनंदासाठी वाचणं, शिकण्यासाठी वाचणं आणि आपल्या जगण्याचा विचार करण्यासाठी वाचणं ही तीन वेगळी कामं आहेत. एका कामात जी सवय उपयोगी पडते तीच दुसऱ्यात आड येते. कादंबरीत थांबून टिपणं काढली तर रंग जातो. रसायनशास्त्रावरचं पुस्तक कादंबरीसारखं वाहत वाचलं तर हाती काही लागत नाही. म्हणून पुस्तक उघडण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे मी कशासाठी वाचतोय? उत्तर मनात स्पष्ट असलं की पुढचं पुष्कळसं आपोआप ठरतं.

आधी त्या ५० च्या आकड्याबद्दल. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये वाचनवेगावरचे अनेक अभ्यास एकत्र करून इंग्रजीसाठी सरासरी काढली: मनातल्या मनात वाचताना माहितीपर मजकूर मिनिटाला सुमारे २३८ शब्द, कथात्म मजकूर सुमारे २६०. त्या वेगाने ७५ हजार शब्दांच्या माहितीपर पुस्तकाला सव्वापाच तास लागतात. ५० पुस्तकांना साधारण २६० तास, म्हणजे रोज पाऊण तासाच्या आतच. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटून येतात, त्यामुळे शब्दांचा हा हिशोब जसाच्या तसा लागू होणार नाही, पण अंदाज येतो. वेळेच्या दृष्टीने तुमचं उद्दिष्ट अवाजवी नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. आकडा ठेवला की निवड बिघडते. सातशे पानांचं पुस्तक हातात घेऊन तुम्ही परत ठेवता, कारण तेवढ्या वेळात तीन पातळ पुस्तकं होतील. न आवडलेलं पुस्तक सोडवत नाही, कारण दीडशे पानं ‘वाया’ जातात. आवडलेलं पुन्हा वाचत नाही, कारण ते यादीत आधीच आहे. वाचकाने ज्या तीन गोष्टी मोकळेपणाने करायला हव्यात त्याच हा आकडा बंद करून टाकतो. वाटलं तर वेळेचं उद्दिष्ट ठेवा, रोज अर्धा तास वगैरे. पुस्तकं मोजणं थांबवा.

याच ओघात वेगवान वाचनाच्या शिकवण्यांबद्दलही सांगतो, कारण आकड्याच्या मागे लागलेला माणूस शेवटी तिथेच पोहोचतो. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक उडीनंतर सुमारे पाव सेकंद थांबतो आणि त्या थांब्यातच अक्षरं टिपली जातात. स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मध्यावरचा अगदी छोटा भाग. शिवाय दहापैकी एखादी उडी मागे जाते, निसटलेलं पुन्हा पाहायला. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये मांडला. त्यांचा निष्कर्ष स्वच्छ होता: वेग खूप वाढवला की समज घटते, आणि यातून सुटका करणारी कुठलीही युक्ती नाही. वाचन खरोखर सुधारतं ते भाषेवरची पकड आणि विषयाची ओळख वाढल्याने. भरपूर वाचलेल्या माणसाचा वेग जास्त असतो तो यामुळे. चाळणं ही मात्र कामाची गोष्ट आहे आणि ती जरूर करावी. फक्त चाळलेल्या पुस्तकाला वाचलेलं म्हणू नये.

आता आनंदाकडे येऊ. तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालंय असं मला वाटतं. कादंबरीकडे हिशोब मागायची सवय आपल्याला लावली गेली आहे. २०१३ मध्ये एक अभ्यास गाजला: साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचला तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता लगेच वाढते. बातमी सगळीकडे पसरली. पुढे इतर संशोधकांनी जास्त लोक घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. आयुष्यभराच्या वाचनाने माणूस घडतो की नाही हा मोठा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. पण कादंबरी वाचायला ‘फायदा’ हे कारण लागतच नाही, हे मात्र लक्षात घ्यावं. दुसऱ्या कुणाच्या घरात, काळात, डोक्यात तीन तास राहून येणं, एखादं वाक्य इतकं नेमकं बसलेलं असणं की आपण ते पुन्हा वाचावं, पुढे काय होणार म्हणून झोप लांबवणं, हे स्वतःच पुरेसं आहे. म्हणून आनंदासाठी वाचताना पेन्सिल हातात घेऊ नका. फार आवडलेल्या ओळीचा पान क्रमांक शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिला तर चालेल, त्यापलीकडे काही नको.

पुस्तक अर्धवट सोडायचं की नाही, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक सोपा नियम आहे: ५० पानं संधी द्या, मग ठरवा. वय ५० च्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, तेवढीच पानं पुरे. नियम चांगला आहे, पण त्यात एक भर घालावी लागते. सोडावंसं वाटलं की आधी ओळखा, कंटाळा आलाय की कळत नाहीये? दोन्ही वेळा हात मोबाइलकडेच जातो, त्यामुळे फरक ध्यानात येत नाही. कळतंय आणि तरी कंटाळा येतोय, तर खुशाल सोडा. कळत नसेल तर सोडायची घाई नको. थोडं मागे जाऊन दहा पानं मोठ्याने वाचा. पात्रांची नावं गोंधळात टाकत असतील तर कोण कुणाचा कोण हे एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. लांब वाक्यांच्या लेखकाची लय कानाला पडली की बऱ्याचदा पुढची वाट सुकर होते. आमच्या गटात अवघड म्हणून बाजूला पडलेल्या कितीतरी कादंबऱ्या पहिलं प्रकरण एकाने मोठ्याने वाचल्यावर उघडल्या. तरीही नाही जमलं तर पुस्तक ठेवून द्या, काही वर्षांनी पाहा. तुम्ही बदललेले असता.

आणि पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात आपण कथानकाच्या मागे धावत असतो. शेवट माहीत झाल्यावर तेच पुस्तक उघडलं की लेखकाने तिसऱ्या प्रकरणात काय पेरून ठेवलं होतं ते दिसतं. पहिल्यांदा दुर्लक्ष झालेलं एखादं दुय्यम पात्र दुसऱ्या वेळी सगळ्या गोष्टीचा तोल सांभाळताना दिसतं. वाचनातला हा सुखाचा भाग आकडेवारीत कधीच धरला जात नाही.

आता शिकण्यासाठीचं वाचन. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण लक्षात न राहण्याची तुमची तक्रार इथली आहे आणि तिच्यावर उपाय आहेत.

विसरणं हा तुमचा दोष नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो. त्यांनी वापरलेली अक्षरं निरर्थक होती. अर्थ असलेला मजकूर जास्त टिकतो, पण कल तोच. प्रश्न असा की काय केलं तर टिकतं? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका पद्धतीत उतारा दोनदा वाचायचा. दुसऱ्या पद्धतीत एकदा वाचायचा आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहायचं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर, एकदा वाचून आठवणारे ५६ वर. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला ते येतं असा भास होतो. आठवायला बसलं की कुठे काय निसटलंय ते कळतं, आणि त्या धडपडीनेच ते पक्कं होतं.

अधोरेखन करणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा रीतींची छाननी केली, त्यात ओळी रंगवणं आणि नुसतं पुन्हा वाचणं या दोन्ही तळाच्या गटात आल्या. वरच्या गटात होत्या स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास काही दिवसांच्या अंतराने विभागणं.

प्रत्यक्षात हे असं करा. समजा तुम्ही झोपेच्या विज्ञानावरचं एक प्रकरण वाचलं. पुस्तक मिटा. एका कागदावर न बघता लिहा: या प्रकरणाचा मुख्य दावा काय, त्यासाठी लेखकाने कोणता पुरावा दिला, आणि मला न पटलेलं किंवा न कळलेलं काय. पहिल्यांदा दोन ओळीही सुचणार नाहीत. पाच मिनिटं तसेच बसा, मग थोडं थोडं वर येतं. त्यानंतरच पुस्तक उघडून ताडून बघा आणि सुटलेलं वेगळ्या शाईने भरा. आठवड्याने तोच कागद उलटा ठेवून पुन्हा एकदा आठवा. प्रकरणामागे हे दहा मिनिटांचं काम आहे.

समासातल्या नोंदींचंही तसंच. मी गटात लोकांच्या वह्या बघतो तेव्हा समासात ‘महत्त्वाचं’, ‘वा!’, दोन उभ्या रेघा, चांदणी असं दिसतं. सहा महिन्यांनी त्या चांदणीचा अर्थ लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याऐवजी पूर्ण वाक्य लिहा, शक्य तर प्रश्न: ‘झोपेत आठवणी पक्क्या होत असतील तर दुपारच्या डुलकीनेही होतात का?’ किंवा ‘हा प्रयोग तरुणांवर झालाय, म्हाताऱ्या माणसांचं काय?’ असा प्रश्न लिहिला की पुढची वीस पानं तुम्ही उत्तर शोधत वाचता. पुस्तक ग्रंथालयातलं असेल तर हे चिठ्ठीवर लिहून पानात ठेवा, त्यावर खूण करू नका, हे वेगळं सांगायला नको.

याहूनही परिणामकारक गोष्ट म्हणजे एका विषयावर सलग तीन-चार पुस्तकं वाचणं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन अधिक चांगलं समजली. आधी काय माहीत आहे यावर नवं किती कळणार हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असतं. आज खगोलशास्त्र, उद्या गुंतवणूक, परवा रोमन साम्राज्य असं वाचलं की प्रत्येक पुस्तकात तुम्ही नवखेच राहता, आणि लक्षात न राहण्याचं हे फार मोठं कारण आहे. एक विषय निवडा आणि काही महिने त्यातच राहा. पहिलं पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं घ्या. हे मी अगदी मनापासून सांगतो. मुलांच्या चांगल्या पुस्तकात विषयाचा सांगाडा स्वच्छ असतो, चित्रं असतात आणि पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येतानाच समजावलेले असतात. दुसरं पुस्तक सर्वसाधारण वाचकासाठीचं. तिसरं शक्यतो दुसऱ्याशी न पटणाऱ्या लेखकाचं. तिसरं वाचताना तुम्हाला स्वतःचं मत तयार होताना जाणवेल, आणि पहिल्या दोन पुस्तकांतलं काय काय आठवतंय याचंही आश्चर्य वाटेल. इतिहास वाचत असाल तर नकाशा शेजारी हवाच, आणि एका लांब कागदावर सनावळी स्वतःच्या हाताने आखत चला. आमच्या गटातल्या एक बाई इतिहासाला नेहमी बिचकत. त्यांनी असा कागद भिंतीला लावला आणि प्रत्येक प्रकरणानंतर त्यावर दोन-तीन नोंदी करू लागल्या. वर्षाअखेरीस गटात कुणाला सन अडला की सगळे त्यांच्याकडे बघायचे.

कागद की पडदा? पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र केले, वाचक होते १ लाख ७० हजारांहून अधिक. माहितीपर मजकुरात आणि वेळेचं बंधन असताना कागदावरची समज थोडी सरस निघाली. निव्वळ कथात्म मजकुरात तसा फरक दिसला नाही. म्हणून कादंबरी मोबाइलवर वाचायला हरकत नाही, शिकायचं ते जमलं तर कागदावर. ऐकण्याची पुस्तकंही चांगलीच. गुंतागुंतीचा युक्तिवाद मात्र ऐकताना निसटतो, कारण मागे वळून बघणं कठीण जातं.

तिसरी गोष्ट, जगणं बदलण्यासाठीचं वाचन. इथे मला स्पष्ट बोलायचंय. सवयी, वेळ, साधेपणा, मनःशांती यांवरची पुस्तकं एकामागून एक वाचणं हा काहीच न करण्याचा सोयीचा मार्ग होऊन बसतो. वाचताना उभारी येते आणि ती उभारीच काम झाल्याचं समाधान देऊन जाते. दुसऱ्या दिवशी उभारी ओसरली की पुढचं पुस्तक. हे चक्र तोडायचं तर अशा एका पुस्तकातून एकच गोष्ट उचला. ती वेळ आणि जागेसह लिहा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा रूपात ठरवलेलं काम, नुसत्या इराद्यापेक्षा पार पडण्याची शक्यता जास्त असते. ‘मी अधिक सजगपणे जगेन’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘रात्री जेवण झालं की मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवीन आणि मग बिछान्यावर जाईन’ हे करता येतं. मग त्या प्रकारचं दुसरं पुस्तक लगेच उघडू नका. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात ९६ जणांनी रोजची एकेक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, ६६ निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणजे एका पुस्तकातली एक गोष्ट मुरायला दोन-अडीच महिने द्यायलाच हवेत.

जगण्याचा विचार करायचा असेल तर सल्ल्याच्या पुस्तकांपेक्षा चरित्रं, आत्मचरित्रं, पत्रं आणि रोजनिश्या वाचा, असं मी नेहमी सुचवतो. सल्ल्याच्या पुस्तकात निष्कर्ष आधीच काढलेले असतात. रोजनिशीत माणूस अजून अडकलेला असतो, त्याला पुढचं माहीत नसतं, आणि आपणही तसेच असतो. एखाद्या आयुष्यात निर्णयाची वेळ आली की तिथे पुस्तक मिटा आणि विचारा, या क्षणी याच्याजवळ काय माहिती होती? मी काय केलं असतं? मग पान उलटा. असं वाचन सावकाश होतं, दिवसाला चार पानंही पुरेत. तत्त्वज्ञानाचंही तसंच, कवितेचंही.

नोंदवहीबद्दल बरेच जण विचारतात. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन याला आपली स्मरणशक्ती भारी कच्ची वाटे. वाचलेली पुस्तकं तो नवी समजून पुन्हा हातात घेई. त्यावर उपाय म्हणून तो पुस्तकाच्या शेवटी वाचन संपल्याची तारीख आणि लेखकाबद्दलचं आपलं मत थोडक्यात लिहून ठेवू लागला. एवढंच करा. तारीख, का वाचलं, काय वाटलं, असा चार ओळींचा परिच्छेद. रंगीत खुणा, श्रेणी, तारे, विषयवार कप्पे यांत वाचनाचाच वेळ जातो.

वेळ कुठून आणायचा हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो: एकच जागा आणि एकच वेळ ठरवा, मोबाइल त्या जागेपासून उठून जावं लागेल इतका लांब ठेवा. एका वेळी दोन पुस्तकं चालू ठेवायला हरकत नाही, फक्त ती वेगवेगळ्या कामाची असावीत, थकल्यावर वाचायचं एक आणि डोकं ताजं असताना वाचायचं एक. शिकायचं पुस्तक रात्री अकराला उघडून पेंगणारे आणि स्वतःला आळशी म्हणवणारे वाचक मी पुष्कळ पाहिलेत. दोष त्यांचा नसतो, वेळेचा असतो.

आता तुमच्याकडे अर्धवट पडलेली पुस्तकं असतीलच. ती सगळी एकत्र काढा. प्रत्येकात एक चिठ्ठी घाला आणि त्यावर एका ओळीत लिहा, हे मला कशासाठी वाचायचंय. ‘लोक म्हणतात म्हणून’ किंवा ‘घेतलंय म्हणून’ एवढंच सुचलं तर ते पुस्तक दुसऱ्या वाचकाला देऊन टाका. उरलेल्यांपैकी पहिलं घ्याल ते आनंदासाठीचं घ्या, कारण तुमची मोडलेली बाजू ती आहे. महिना-दीड महिना फक्त तसंच वाचा, नोंद नाही, यादी नाही. पानं आपसूक उलटू लागली आणि ‘यातून काय घेतलं’ हा आवाज थांबला की मग शिकण्यासाठी एक विषय निवडा आणि त्यावरचं मुलांचं पुस्तक आणा.